सामाजिक शास्त्रांच्या तासाला आकडे ‘तपासायला’ कसे शिकवायचे?

खडूची_पूड (धागाकर्ता)

स्तंभालेख, विभाजित वर्तुळ, सरासरी, मध्यक हे सगळं मुलं गणितात शिकतात. भूगोलात नकाशावाचनही होतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पुस्तकात ‘बेरोजगारी अमुक टक्के’ असं छापून आलं की ते वाक्य ‘पाणी १०० अंशांना उकळतं’ याच्या पंगतीला जाऊन बसतं. तो आकडा कुणीतरी काहीतरी ठरवून, काहीतरी वगळून मोजलेला असतो, हे मुलांसमोर येतच नाही.

वय १३ ते १५, तासिका ४० मिनिटांची, संगणक नाही असं धरा. तत्त्वचर्चा नको. साहित्य काय, वेळ किती आणि गाडी कुठे घसरते, एवढं लिहा.

छेदस्थानी

आलेखापासून सुरुवात करू नका, व्याख्येपासून करा. आलेख आधी दाखवला की पोरं रंगावर आणि उंचीवर बोलत बसतात, मोजणीपर्यंत कुणी पोचत नाही. त्यासाठी बेरोजगारीचा दरच सगळ्यात सोयीचा, कारण शब्द ओळखीचा आहे आणि व्याख्या अनोळखी.

चौघांचा गट, प्रत्येक गटाला १२ चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एका माणसाचा मागचा आठवडा :

१ ते ४ : पूर्णवेळ नोकरी (चार वेगवेगळे व्यवसाय लिहा)
५ : आठवड्यात २ तास पैसे घेऊन शिकवणी
६ : १ तास भिंत रंगवली, मजुरी मिळाली
७ : नोकरी आहे, पण आठवडाभर पगारी रजा
८, ९ : काम नाही, मागच्या पंधरवड्यात अर्ज केलेत, उद्या बोलावलं तर जातील
१० : काम हवंय, पण दोन महिन्यांपूर्वी शोधणं सोडलं
११ : दिवसभर घरकाम आणि आजारी माणसाची शुश्रूषा, काम शोधत नाही
१२ : पूर्णवेळ विद्यार्थी, काम शोधत नाही

पहिली १२ मिनिटं काहीही न सांगता फक्त विचारा, ‘यात बेरोजगार किती?’ प्रत्येक गटाचं उत्तर फळ्यावर लिहा. उत्तरं जुळत नाहीत आणि तेच हवं असतं. मग आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा नियम फळ्यावर मांडा : संदर्भ आठवड्यात (ज्या आठवड्याबद्दल विचारलं त्यात) मोबदल्यासाठी किमान १ तास काम केलं तर ‘रोजगारात’. रजेवर असलेला, पण नोकरी टिकून असलेला, तोही रोजगारात. काम नाही, गेल्या चार आठवड्यांत शोधलं आणि लगेच रुजू व्हायची तयारी आहे, तो ‘बेरोजगार’. बाकीचे श्रमशक्तीबाहेर.

आता पुन्हा वाटणी करायला लावा. रोजगारात ७, बेरोजगार २, बाहेर ३. दर म्हणजे बेरोजगार भागिले श्रमशक्ती (रोजगारातले आणि बेरोजगार मिळून) : २ भागिले ९, म्हणजे २२.२ टक्के.

शेवटी नियम बदला. आठवड्याला २० तासांहून कमी काम असलेला बेरोजगार, शोध सोडलेलाही बेरोजगार. पगारी रजेवरचा मात्र रोजगारातच. ५ भागिले १० झाले, दर थेट ५० टक्के. माणसं तीच, चिठ्ठ्या त्याच.

घसरतं कुठे? एक, छेदात. बरेच जण १२ ने भागतात आणि १६.७ आणतात. लगेच खोडू नका. ‘अकराव्या चिठ्ठीला छेदात का धरलंस?’ एवढंच विचारा, खरी चर्चा तिथे सुरू होते. बाराही जणांत सगळ्यात जास्त राबणारी व्यक्ती ना रोजगारात, ना बेरोजगार! २०१३ पासून श्रम-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत असल्या घरकामाला ‘काम’ म्हणतात, पण ‘रोजगार’ म्हणत नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नातही ते धरत नाहीत.

दोन, शिक्षकाने व्याख्या आधीच सांगितली तर सगळा उपक्रम नुसता हुकूम पाळण्याचा होतो. तोंड आवरा.

मधलीसुट्टी

वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

एक शंका. मुलं हमखास म्हणणार, ‘१ तास काम केलं की रोजगारात? ही तर सरळ फसवणूक आहे, दर कमी दाखवायला!’ त्याला काय उत्तर द्यायचं?

छेदस्थानी

@मधलीसुट्टी, शंका रास्त आहे आणि उत्तर ठेवून मगच वर्गात जा. १ तासाच्या नियमाला कारण आहे : देशाच्या उत्पादनात त्या एका तासाचं उत्पादन मोजलं जातं, तर ते करणारा माणूसही रोजगाराच्या रकान्यात दिसायला हवा, दोन्ही हिशेब जुळायला हवेत. कमी तास मिळणाऱ्यांसाठी ‘अपुरा रोजगार’ हा वेगळा मापक आहे. नियम लबाडीचा नाही. लबाडी होते ती हा एकच आकडा घेऊन ‘सगळ्यांना पुरेसं काम आहे’ असं म्हणण्यात. ‘हा नियम कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला केलाय, आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळत नाही?’ हे वाक्य वर्षभर फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या.

समोच्चरेषा

भूगोलवाल्यांसाठी. क्षेत्रघनी नकाशा (मूल्यानुसार विभागांना फिका-गडद रंग दिलेला) आपण ‘वाचायला’ शिकवतो, गट कसे पाडले ते कधी विचारत नाही. कागद आणि तीन रंगपेन्सिली एवढ्यात काम होतं.

नऊ विभागांचा काल्पनिक नकाशा काढून त्याच्या प्रती करा. विभागांची मूल्यं : १२, १४, १५, १६, १८, ३१, ३३, ५८, ९०. खऱ्या प्रदेशाचा नकाशा नको, मुलं आधीच्या समजुतीवरून रंग भरतात.

अर्ध्या वर्गाला समान वर्गांतर द्या. ९० वजा १२ म्हणजे ७८, भागिले ३ म्हणजे २६. गट ३८ पर्यंत, ६४ पर्यंत, ९० पर्यंत. फिक्या रंगात सात विभाग, मधल्यात एक, गडद एक. उरलेल्यांना समान संख्येचे गट द्या : चढत्या क्रमाने तीन-तीन विभाग. दोन्ही नकाशे शेजारी टांगले की पहिल्यात ‘एका ठिकाणचा प्रश्न’ दिसतो आणि दुसऱ्यात ‘सगळीकडे पसरलेला प्रश्न’. बातमीचा मथळा दोन्हींना लिहायला सांगा, मजा येते.

मग दुसऱ्या नकाशावर बोट ठेवा. १५ फिका आणि १६ मधला, फरक १ चा. १६ आणि ३१ मात्र एकाच रंगात. ३३ आणि ९० सुद्धा एकाच रंगात. मग विचारा, ‘तुम्ही रेषा कुठे ओढाल?’ १८ आणि ३१ च्या मधली खिंड कुणालातरी दिसतेच.

चुका दोन होतात. मुलं गडद रंग म्हणजे ‘वाईट’ असं धरून चालतात, साक्षरतेच्या नकाशात ते उलटं असतं. म्हणून सूची वाचल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम. दुसरी चूक शिक्षकांची : क्षेत्रघनी नकाशात एकूण संख्या भरायला देतात. ‘रुग्णांची संख्या’ रंगवली की तो लोकसंख्येचाच नकाशा होतो. दर भरा, दरहजारी किंवा टक्के. संख्याच दाखवायची असेल तर टिंब पद्धत आहे.

अवांतर : ‘शहरी लोकसंख्या’ हा रकाना दोन देशांत तुलनेला घेण्याआधी शहर म्हणजे काय ते पाहा. डेन्मार्कमध्ये २०० वस्तीचं ठिकाणही शहरी धरलं जातं. जपानमध्ये शहराचा दर्जा मिळायला साधारण ५० हजार लोकसंख्या लागते.

जुनेदप्तर

इतिहासाच्या तासाला हे जास्त सहज बसतं, कारण साधन कुणी, कधी, कशासाठी तयार केलं हे प्रश्न आपण एरवीही विचारतो. तक्त्यालाही तेच विचारायचं. तीन नमुने देतो, तिसरा सगळ्यात कसदार आहे.

पहिला : १९०० सालचं पॅरिस प्रदर्शन. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस आणि अटलांटा विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या स्थितीवर हाताने काढलेले साठेक तक्ते तिथे मांडले. ज्यांच्याबद्दल इतर लोक आकडे काढत होते, त्यांनीच स्वतःचे आकडे मांडले. वर्गात एकच तक्ता द्या आणि ‘हा कुणाला पटवायला काढलाय?’ एवढं विचारा.

दुसरा : १९३५ ते १९४० च्या दरम्यान अमेरिकेतल्या दोनशेहून जास्त शहरांचे गृहकर्ज-जोखमीचे नकाशे. हिरवा (सगळ्यात कमी जोखीम), निळा, पिवळा, लाल (सगळ्यात जास्त). आधी सूची झाकून नकाशा द्या. मुलं म्हणतात पूर असेल, प्रदूषण असेल. मग सांगा की प्रतवारीच्या अर्जात रहिवाशांचा वंश आणि मूळ यांचेही रकाने होते. इथे एक पथ्य पाळा. ‘या नकाशांमुळेच वस्त्या गरीब राहिल्या’ असं ठोकून देऊ नका. नकाशा कारण होता की आधीपासूनच्या भेदभावाची नोंद होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. तोच वाद मुलांपुढे ठेवा.

तिसरा : लंडन, १८५४, ब्रॉड स्ट्रीटची पटकीची (कॉलराची) साथ आणि डॉ. जॉन स्नो. ‘नकाशा काढला, पंप सापडला, दांडा काढला, साथ थांबली’ ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि ती बरीचशी उलटी आहे. पाण्यातून रोग पसरतो हे स्नोचं मत आधीपासूनचं होतं, नकाशा नंतर झाला. ८ सप्टेंबरला दांडा काढला तेव्हा मृत्यू आधीच उतरणीला लागले होते.

तासिका अशी : पहिली १५ मिनिटं मृत्यूंच्या खुणा असलेला नकाशा द्या, पंप दाखवू नका. स्पष्टीकरणं मागवा. ‘तिथली हवा खराब असेल’ हे उत्तर येतंच, आणि ते नकाशाशी पूर्ण जुळतं! त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांचंही हेच मत होतं. ही गोष्ट ठसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग तीन चिठ्ठ्या एकेक करून उघडा. शेजारच्या गरिबांसाठीच्या श्रमगृहात ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५, आत स्वतःची विहीर. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा गेली, तिला ब्रॉड स्ट्रीटच्याच पाण्याची चव आवडायची म्हणून ते रोज मागवलं जायचं.

श्रमगृहाची आणि कारखान्याची हवा तीच, पाणी वेगळं. विधवेची हवा वेगळी, पाणी तेच. निवाडा झाला तो ठिपक्यांच्या गर्दीमुळे नाही, गर्दीत न बसणाऱ्या तीन ठिकाणांमुळे. हा क्रम उलटा केलात, म्हणजे पंप आधी दाखवलात, की उपक्रम मेला.

पारंबी

सगळं वाचलं, छान आहे. पण एक धोका कुणीच मांडला नाही. असे दोन-तीन उपक्रम झाले की वर्गातली हुशार मुलं ‘सगळेच आकडे बनवलेले असतात’ इथे येऊन थांबतात. मग लसीकरणाचा आकडा आणि कुणीतरी पुढे ढकललेला निरोप, दोन्ही त्यांना सारखेच संशयास्पद. आंधळ्या विश्वासाच्या जागी आंधळा अविश्वास, एवढंच. हे टाळायचं कसं?

छेदस्थानी

धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. माझा नियम असा : ‘चूक असू शकते’ हे उत्तर धरायचंच नाही. चूक कुठल्या दिशेला आणि का, हे सांगितलं तरच उत्तर.

सरावासाठी १९३६ ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक घ्या. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या. त्यांचा अंदाज : रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन ५७ टक्के घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतांनी निवडून आले. पत्ते दूरध्वनी सूची आणि मोटारनोंदणीच्या याद्यांतून घेतलेले, काळ मंदीचा. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपने सुमारे ५० हजारांच्या नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

मुलांनी लिहायचं ते असं : ‘यादीत सुखवस्तू लोक जास्त, सुखवस्तू मतदार रूझवेल्टविरोधी जास्त, म्हणून लँडनचा आकडा फुगलेला असणार.’ शिवाय चारांतल्या तिघांनी उत्तरच दिलं नाही. ज्याला राग आहे तो आवर्जून उत्तर पाठवतो, म्हणजे फुगवटा त्याच दिशेला वाढणार. ‘नमुना छोटा होता’ असं कुणी लिहिलं तर शून्य. २४ लाख छोटे नव्हते, वाकडे होते.

दिशा सांगायची सवय लागली की मूल आपोआप ‘हा आकडा थोडा कमी दाखवत असेल, पण कल खरा आहे’ अशा भाषेत बोलायला लागतं. अविश्वासावर मला तरी याहून चांगला उतारा माहीत नाही.

नवीन_सभासद_४२

एक सोपी गोष्ट सगळे विसरलात. उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला नसेल तर तो आलेख फसवा, हे मुलांना पाठ करून घ्या. निम्मं काम होतं.

समोच्चरेषा

@नवीन_सभासद_४२, अर्धंच खरं आहे. स्तंभालेखाला हा नियम लागू, कारण तिथे आपण लांबी वाचतो. ४८ आणि ५० हे स्तंभ ४५ पासून काढले तर लांबी ३ आणि ५ होते, म्हणजे ४ टक्क्यांचा फरक दीडपटीहून मोठा दिसतो. रेषालेखात मात्र आपण चढउतार वाचतो. तापमानाची शंभर वर्षं शून्य अंशापासून काढलीत तर रेषा सपाट होऊन खरा बदलच लपेल. तिथे शून्याचा हट्ट धरणारा आलेखही फसवा असू शकतो. ‘अक्ष तपासा’ हे पाठ करून घ्या, ‘शून्य हवंच’ हे नको.

क्षेत्रफळाचं तसंच आहे. वर्तुळाने संख्या दाखवताना मूल्य चौपट असेल तर त्रिज्या दुप्पट हवी. मुलं त्रिज्याच चौपट करतात आणि वर्तुळ सोळापट होतं. ही चूक त्यांच्या हातून होऊ द्या आणि मग छापील चित्रालेख शोधायला पाठवा.

जुनेदप्तर

गणिताच्या शिक्षकांबरोबर जोडतासिका घेणार असाल तर बर्कलीचं १९७३ चं उदाहरण घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या पदव्युत्तर प्रवेशांतले फक्त दोन विभाग पुरतात :

विभाग ‘ए’ : पुरुष ८२५ अर्ज, ५१२ प्रवेश. स्त्रिया १०८ अर्ज, ८९ प्रवेश.
विभाग ‘एफ’ : पुरुष ३७३ अर्ज, २२ प्रवेश. स्त्रिया ३४१ अर्ज, २४ प्रवेश.

निम्म्या वर्गाला विभागवार टक्के काढायला सांगा : ‘ए’ मध्ये पुरुष ६२, स्त्रिया ८२. ‘एफ’ मध्ये ६ आणि ७. दोन्हीकडे स्त्रिया पुढे. उरलेल्यांना फक्त बेरीज द्या : पुरुष ११९८ पैकी ५३४, म्हणजे ४४.६ टक्के. स्त्रिया ४४९ पैकी ११३, म्हणजे २५.२. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांवर ठाम राहून भांडतात आणि दोघांचंही गणित बरोबर असतं.

गणिताचा तास इथे संपतो : स्त्रियांचे अर्ज अवघड प्रवेशाच्या विभागाकडे जास्त गेले. आपला तास इथे सुरू होतो : ते तिकडेच का गेले? ‘म्हणजे भेदभाव नव्हताच’ असं म्हणून कुणी वही मिटू लागला तर मिटू देऊ नका. प्रवेशाच्या टेबलावर नसलेला भेदभाव त्याच्या दहा वर्षं आधी शाळेत झालेला असू शकतो. हा तक्ता त्याबद्दल काहीच बोलत नाही.

मधलीसुट्टी

वर्गातच सर्वेक्षण घेतलं तर? मुलांना स्वतःचे आकडे आवडतात.

छेदस्थानी

घ्या, पण विषय जपून निवडा. उत्पन्न, जात, धर्म, वजन, आजार, गुण यातलं काहीही नको. ‘निनावी आहे’ यावर विसंबू नका. ३० जणांच्या वर्गात ‘घरी संगणक नाही : १’ असं फळ्यावर आलं की तो एक कोण ते सगळ्यांना कळतं. ५ पेक्षा कमी संख्येचा रकाना लिहायचा नाही, आणि एकच रकाना झाकूनही भागत नाही, एकूण ३० मधून बाकीचे वजा केले की तो उघडा पडतो. दोन रकाने एकत्र करा.

याच निमित्ताने नेदरलँड्सचं उदाहरण सांगता येतं. तिथल्या काटेकोर लोकसंख्या नोंदवहीत धर्माचा रकाना होता. नोंद प्रशासनाच्या सोयीसाठी होती, पण १९४० नंतर जर्मन ताब्यात गेल्यावर तीच ज्यूंना हुडकायला वापरली गेली. मोठ्या वयोगटालाच, आणि वेळ हाताशी ठेवून.

निरुपद्रवी विषय भरपूर आहेत. ‘शाळेच्या फाटकासमोरून १० मिनिटांत किती वाहनं जातात’ हे चार गटांना एकाच वेळी मोजू द्या. चारही आकडे वेगळे येतात. थांबलेलं वाहन धरलं का, सायकल म्हणजे वाहन का, परत फिरून आलेलं दोनदा का? मोजणीचे नियम मुलं स्वतःच मागायला लागतात.

खडूची_पूड

सगळ्यांचे आभार. तपासणीचं राहिलं. गुण कसे द्यायचे? आणि संगणक मिळालाच एखाद्या दिवशी, तर काय सांभाळायचं?

पारंबी

गुणांबद्दल : एक अनोळखी तक्ता आणि त्याखाली एक ठाम वाक्य द्या, १० गुण. कुणाला मोजलं आणि शब्दाची व्याख्या काय, हे विचारल्याबद्दल २. छेद ओळखला तर ३. चूक कुठल्या दिशेला असेल ते कारणासह सांगितलं तर ३. ‘खात्री करायला आणखी कुठला आकडा मागवाल?’ याला २. ‘आकडा चुकीचा असू शकतो’ एवढंच असेल तर, वर छेदस्थानी म्हणाले तसं, काहीच नाही. पहिल्या चाचणीत निकाल कोसळतो, म्हणून ती गुणपत्रिकेत धरू नका.

संगणकाबद्दल एकच, पण ते सतत नडतं : रिकामा रकाना आणि शून्य. १०, २०, ३० आणि दोन रकाने रिकामे, तर सरासरी २० येते. कुणी ‘नीटनेटकं दिसावं’ म्हणून तिथे शून्य भरलं की १२. ‘माहिती नाही’ आणि ‘काहीच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना रिकाम्या जागी ‘मा. ना.’ लिहायला लावा.

छेदस्थानी

चिठ्ठ्यांबद्दल एक राहिलं. अकराव्या चिठ्ठीवर निम्म्या संचांत ‘स्त्री’ आणि निम्म्यांत ‘पुरुष’ लिहा, वर्गाला सांगू नका. पहिल्या फेरीत, व्याख्या सांगण्याआधी, कुठल्या गटांनी त्या व्यक्तीला बेरोजगार म्हटलं ते फळ्यावर वेगळं टिपून ठेवा आणि तासिकेची शेवटची पाच मिनिटं त्यासाठी राखा. दोन्ही रकाने सारखे आले तर तेही तसंच सांगा, ओढूनताणून फरक दाखवू नका. संच गोळा करताना मात्र मोजून घ्या, एखादी चिठ्ठी हरवली की पुढच्या तुकडीचा छेद बिघडतो.